दुसऱ्या बाजूचा ब्रेक

हॅलो?

हॅलो… कोण? आत्या? अगं हळू! कानाचा पडदा फाटेल माझा.

हो, मीच. भोंगा नाही म्हणायचं. मी आता दहावीत आहे आणि शनिवारी वादविवाद स्पर्धेत पहिली आलेय, माहितेय ना तुला? … माहीत असूनही भोंगाच? बरं. म्हण.

नाही, आई घरी नाही. कामावर. … अगं, उचलत नाही म्हणजे टाळत नाहीये. कामाच्या वेळी त्यांचे फोन कपाटात असतात, कुलूप लावून. … नऊ वेळा केलास? मग नऊ वेळा कपाटात वाजला.

एक मिनिट, दूध… थांब, थांब, वर येतंय…

हं. बोल. सांडलं थोडं. तुझ्यामुळे.

काय केलं आईने?

परत सांग. … शिव्या वगळून सांग. … पत्र आलं? पण पत्र तर मागच्या आठवड्यात आलं होतं. … हे दुसरं? … आईच्या हॉस्पिटलमधल्या त्याच तपासणी केंद्राचं?

पण पहिल्या पत्रात तर सगळं… हो, हो, ठाऊक आहे मला. अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. फॅमिली ग्रुपवर फोटोच टाकला होतास ना त्याचा! खाली लिहिलं होतंस, ‘बटणवालीला कळवा, माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत.’ बटणवाली म्हणजे माझी आई, मशीनचं बटण दाबते म्हणून! आणि सोबत तो नाचणारा बोकड. … घोडा? आत्या, त्याला शिंगं होती.

बरं, बोकड राहू दे. काय लिहिलंय आता? … वाचून दाखव ना. किंचाळून नको, वाचून.

‘आपल्या स्कॅनची पुन्हा पाहणी करण्यात आली असून’… हं… ‘डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात’… हं… किती?

नऊ मिलिमीटर.

नाही, नाही, आहे मी. ऐकतेय. गॅस बंद करत होते.

‘गुरुवारी सकाळी नऊ वाजता पुढील तपासणीसाठी’… म्हणजे परवाच.

हे बघ आत्या, आधी माझं ऐक. गाठ म्हणजे लगेच तेच नसतं. बहुतेक गाठी साध्या निघतात, आईच सांगते… अगं आईचं नुसतं नाव काढलं तर एवढं भडकायला काय झालं?

मुद्दाम? आईने मुद्दाम केलं? … सूड? कशाचा सूड? … ग्रुपवर बोकड टाकलास म्हणून आई तुझ्या फुप्फुसात गाठ काढेल? कशाने, पेन्सिलने?

काय म्हणालीस? … ‘फोटो काढणारी बाई’? … नाही, नाही, आता परत म्हणच. … ‘फोटो काढणाऱ्या बाईने डॉक्टरांच्या वर शहाणपणा करायचा नाही.’ अस्सं. झालं तुझं? आता मी बोलू? तू मध्ये बोललीस तर मी फोन ठेवेन. … ठेवेन म्हणजे ठेवेन, आणि मग कर कपाटाला फोन.

ऐक. आई रेडिओग्राफर आहे. माणसाला मशीनमध्ये झोपवते, ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ म्हणते, ते काम आहेच. पण स्कॅन ढीगभर आणि ते वाचणारे डॉक्टर तीन. म्हणून यांना वाचायला शिकवलं. दीड वर्ष, आत्या! परीक्षा घेतली. मी होते ना समोर. जेवायच्या टेबलावर सरावाचे स्कॅन लावून बसायची आणि मला विचारायची, ‘गाठ की नस?’ मी म्हणायचे गाठ, ती म्हणायची, पुढे सरकव… आणि ती नस निघायची. लांब, फांदीसारखी. आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमना नाही येणार ते मला येतं आता.

हो, ऐक ना! सही डॉक्टरांचीच असते. निकाल त्यांचाच. आई लोक आधी बघतात, संशयाच्या जागी गोल करतात, मापतात. डॉक्टर वेगळे बघतात. मग दोन्ही शेजारी ठेवतात. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याला दिसावं म्हणून. तुझ्या गाडीत नाही का, शिकाऊ माणसाच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या तुझ्या पायाशी दुसरा? तसंच.

तुझ्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा अपमान नाही करत गं. उलट कौतुक करतेय!

बरं, मग? … ‘मग डॉक्टरांनी एकदा ठीक म्हटलेलं फिरवलं कोणी?’ चांगला प्रश्न. मुद्दा क्रमांक एक… हो, स्पर्धेत बोलतात तसंच बोलणार, पहिली आलेय मी. मुद्दा क्रमांक एक. आईला नात्यातल्या माणसाचा स्कॅन वाचताच येत नाही. नियम आहे तसा. यादीत नावंच नसतात, नुसते आकडे. आणि चुकून ओळखलंच कोणाला, तर आपण केलेल्या खुणा पुसायच्या, स्कॅन परत पाठवायचा आणि गप्प बसायचं. कोणाला सांगायचं नाही. म्हणजे पुढचा माणूस कोऱ्या डोळ्यांनी बघेल.

मुद्दा क्रमांक दोन. माझी आई नियम मोडेल? फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा लिहिते ती. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबते, आणि तीही चालत असताना!

शपथ घेते मी. हो, घेते. माझ्या बक्षिसाची शपथ. आईने तुझा स्कॅन बघितलेला नाही. लिहून हवंय?

आता अजून काय? … खाली बारीक अक्षरात? … वाच.

‘आमच्या एका रेडिओग्राफरने केलेल्या विनंतीवरून.’

बरं, मग? आईसारखे स्कॅन वाचणारे चार जण आहेत तिथे. लंबू आहे, ती चष्मेवाली आहे… त्यातल्या कोणीतरी केली असेल विनंती. आईच कशावरून?

आत्या… तो कसला आवाज? … लायटर होता. खोटं बोलू नकोस, लायटरच होता तो! हातात असलं पत्र आणि तू सिगारेट पेटवतेस? … माझ्या वयाचा इथे काय संबंध?

कुठे आहेस तू? गाड्यांचे आवाज येतायत. … कुठे? … हॉस्पिटलच्या फाटकासमोर? तिथे काय करतेयस?

तक्रार?

कसली तक्रार? … लिहून झालीसुद्धा? … ‘घरच्या भांडणातून माझ्या स्कॅनचा निकाल बदलला.’ असं लिहिलंस? आत्या! हे आत दिलंस तर आईची नोकरी जाईल. … ‘गेली तर जाऊ दे.’ हे तू बोललीस? माझ्याशी?

आणि गुरुवारी? … जाणार नाहीस? … कोणाची परीक्षा? … तुझ्याकडे गाडी शिकणाऱ्या त्या टकल्याची? अगं, तो सहाव्यांदा देतोय, सातव्यांदा देईल! त्याची गाडी मागे घेताना खांबाला लागते म्हणून तू तुझी तपासणी सोडणार?

‘तसं नाही, पत्रावर विश्वासच नाही.’ बरं. का नाही? … ‘आधी वर सापडलं म्हणाले, आता खाली म्हणतात.’ वर काय होतं? … पहिल्या पत्रात? ते मी नीट नाही वाचलं, बोकड आडवा आला. … ‘वरच्या भागात जुनी बरी झालेली खूण, काळजीचे कारण नाही.’

हां! मग तेच झालं असणार. अगं, हे आईने मला शंभर वेळा सांगितलंय. वाचणाऱ्याला एक गोष्ट सापडली ना, की डोळा सुटीवर जातो. मिळालं, लिहिलं, पुढचा स्कॅन घ्या. डॉक्टर असो की लंबू, सगळ्यांचं होतं. त्यात सगळे वाचतात वरून खाली. गळ्यापासून सुरू करायचं आणि पोटाकडे उतरायचं. वर ती जुनी खूण सापडली असेल दोघांनाही, आणि खाली जाईपर्यंत नजर दमली. म्हणून तर आई उलटं वाचते. ती एकटीच. खालून सुरू करते आणि वर…

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. थांब जरा. … आत्या, एक मिनिट थांब ना, मला विचार करू दे.

मागच्या आठवड्यात… नाही, त्याच्याही आधी. जेवताना. आईने मला विचारलं, आत्याच्या खांद्यातली प्लेट डावीकडे आहे की उजवीकडे? मी हसले. म्हटलं, हाड तू मोडलंस आणि मला काय विचारतेस? ती हसली नाही. पानातलं तसंच ठेवून उठली. मला वाटलं, डोकं दुखतंय.

स्कॅनमध्ये दिसते ना ती. गळ्याखालच्या हाडावरची प्लेट. पांढरीशुभ्र चमकते, सहा स्क्रूंसकट. अगदी वर असते, सगळ्यात वर. वरून वाचणाऱ्याला पहिल्यांदा दिसते. आणि खालून वाचणाऱ्याला…

शेवटी.

आत्या. मी मघाशी शपथ घेतली ना? ती मागे घेते.

हो. आईनेच.

थांब, थांब, थांब! ‘बघ, म्हटलं होतं ना’ नको! पूर्ण ऐक! आई खालून वाचत आली. नुसता आकडा होता समोर, नाव नव्हतं. तिला गाठ दिसली, तिने गोल केला, मापली. नऊ मिलिमीटर. मग वर गेली आणि तिला ती प्लेट दिसली. तिला ती ओळखू येणार नाही तर कोणाला येईल गं? तिने नियम पाळला. खूण पुसली, स्कॅन परत पाठवला, गप्प बसली. म्हणाली असेल, दोघं बघतीलच की. आणि दोघांनी वरची जुनी खूण बघितली आणि झालं!

आईला कसं कळलं? आत्या, तुझ्याच बोकडाने कळवलं तिला! पत्राचा फोटो तूच टाकलास. ‘ठणठणीत.’ तिने तो वाचला असेल आणि… मग काय, गेली असेल मोठ्या डॉक्टरांकडे. म्हणाली असेल, खाली बघा. आणि तुम्हाला कसं माहीत, असं विचारल्यावर खरं सांगितलं असेल. ती खोटं बोलताना लाल होते, तिला जमतच नाही.

आणि म्हणूनच गेल्या बुधवारपासून ती वाचत नाहीये! मशीनवर पाठवलंय परत. मला म्हणाली, ‘थोडे दिवस मशीनवर आहे गं.’ मी म्हटलं, मजा आहे, वेळेवर घरी येतेस. … मजा आहे म्हटलं मी तिला.

कागदावर? काय जोडणार कागदावर? … हे? मी आत्ता सांगितलेलं? … ‘भाचीनेच कबूल केलं’? आत्या, तू… तू माझंच बोलणं माझ्याच आईविरुद्ध लिहिणार?

नाही, मी रडत नाहीये. मी चिडलेय. मला रडायला आलं की कळेल तुला.

काय? … ‘बावीस वर्षांपूर्वी तिने माझं हाड मोडलं, आता मला कॅन्सर चिकटवतेय.’

बरं. मग आता हाडाचंच बोलू.

नाही, आता बोलूच. बावीस वर्षं मी ऐकतेय… म्हणजे मी पंधराची आहे, पण तरी! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. ‘माझ्या वहिनीने पहिल्याच आठवड्यात गाडी भिंतीवर घातली.’ सगळे हसतात. आई चहा द्यायला आत जाते. तिने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही, तुझ्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. भर पावसात बसस्टॉपवर उभी राहते, तुझी गाडी समोरून जाते. पण आत्या, भिंत पुढे येत होती तेव्हा दुसरा ब्रेक कोणाच्या पायाखाली होता? तू शिकवायला शेजारी बसलेली होतीस. मग का नाही दाबलास?

सांग ना. का नाही दाबलास?

मी सांगू? बाबा मागच्या सीटवर होते. त्यांनी सांगितलंय मला. तू काचेकडे तोंड करून सिगारेट पेटवत होतीस. वारा होता, पेटत नव्हती. दोन्ही हात त्यात आणि डोळेही त्यात. आईने ‘थांबवा’ म्हणून हाक मारली. तू वर बघेपर्यंत भिंत आली.

आणि आईने आजपर्यंत एकदाही सांगितलं नाही कोणाला. एकदाही! तू नणंद ना. तिने गप्प राहून ऐकलं.

… बाबांना दोष देऊ नकोस. मी खोदून विचारलं.

हो, उद्धट आहे मी. हो, भोंगाच आहे. आईने या वेळी ब्रेक दाबलाय आत्या, आणि तिला माहीत होतं की त्याने तिलाच धक्का बसणार. तरी दाबला. आणि तू फाटकासमोर बसून तिच्याविरुद्ध पाकीट चिकटवतेयस. जा, दे जाऊन. गुरुवारी टकल्याला घेऊन जा. खांबाला लागो नाहीतर न लागो. मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

…

आत्या?



तो… तो कसला आवाज? … कागद? कागद फाडलास ना तू? … आत्या, काय फाडलंस? पत्र की तक्रार? … अगं सांग! पत्र असेल तर फोटो आहे का मोबाइलमध्ये, नऊ वाजता कुठल्या खोलीत जायचंय ते…

सांगणार नाहीस म्हणजे काय? … ‘तुला काय करायचंय’? मला काय करायचंय! … बरं, मग मला आता वाच. पत्र हातात असेल तर वाच. खोली नंबर काय लिहिलाय?

… अकरा.

अकरा. बरं.

नाही, मी काही नाही म्हणाले. नाक पुसतेय.

घाबरलीयस का तू? … अगं, शिव्या देऊ नकोस, साधं विचारतेय. … हो, कळलं. तू एवढ्या शिव्या घाबरल्यावरच देतेस. तो ट्रक समोर आला होता तेव्हाही दिल्या होत्यास, मी मागे होते.

साधी असेल गं गाठ. बहुतेक साधीच. पण बघायला हवं ना? … नाही, मी येऊ शकत नाही, गुरुवारी माझी चाचणी आहे. … मला बोलवत नव्हतीस, मग ‘परवा शाळा आहे का’ कशाला विचारलंस?

किती वाजले? … पाचला दोन कमी? मग आता सुटेलच ती. फाटकातूनच येईल. निळा सदरा, पाण्याची बाटली हातात. उजवा खांदा जरा खाली असतो तिचा, दिवसभर माणसं उचलून मशीनवर घेते म्हणून.

आली?

एकटीच आहे का? … बसस्टॉपकडे चाललीय? मग हॉर्न दे ना. … आत्या, दे ना! … मला माहितेय बावीस वर्षं दिला नाहीस. आज दे. … तू तर चौकातल्या कुत्र्यालासुद्धा देतेस!

…

बाई गं. हा हॉर्न आहे की गिरणीचा भोंगा? दूध परत उतू जाईल माझं.

थांबली? … बघतेय? … मग तू हात कर. … सिगारेटचा नको, दुसरा हात कर! ती आधी फेक. … फेकलीस? खरं?

येतेय?

काय म्हणाली? … अगं, फोन लांब धरू नकोस, मला ऐकू येत नाहीये! … आई! आई, मी आहे फोनवर! मला सगळं कळलंय! आई, तू…

काय झालं? दार वाजलं का? कोणत्या बाजूचं? … मागे बसली?

पुढे?

तुझ्या शेजारी? शिकवणाऱ्याच्या सीटवर?

… ‘सांग तिला’? हो, सांगते, फोन तिच्याकडे कर. आई, आत्या म्हणतेय, गुरुवारी आठला निघायचं. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि पायाशी तो ब्रेक आहे ना, त्याला पाय लावायचा नाही.

आत्या, आई काय म्हणाली? … काहीच नाही? मग करतेय काय?

चपला काढतेय? … निघालातसुद्धा?

हॅलो? … आत्या? … ती कचकन कशी काय थांबली गाडी? कोणी दाबला? … आत्या, तू दुसरी पेटवायला घेतली होतीस ना? … हॅलो?

हॅलो?